‘वेंड’ची वाटचाल

‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कां, असें इंग्रजी शिकणारें मूल विचारतें. आणि ‘तसेंच पाठ कर’ हें उत्तर त्याला मिळतें. वस्तुतः ‘वेंट’ हें मुळांत ‘गो’चें रूप नव्हेच, तें ‘वेंड’ या जुन्या क्रियापदाचें भूतकाळीं रूप होय. ‘वेंड’ म्हणजे मूळ अर्थीं वळणें. त्यावरून मार्ग धरणें, जाणें हा अर्थ रूढ झाला. चॉसरच्या ‘कॅन्टरबरी टेल्स’ या १४ व्या शतकाच्या अखेरच्या काव्यांत यात्रेकरूंच्या प्रयाणासाठीं हेंच क्रियापद येतें. पुढें ‘गो’चें जुनें भूतकाळीं रूप मागें पडलें व इ. स. १५०० च्या सुमारास ‘वेंट’ त्या जागीं स्थिरावलें. ‘वेंड’ला मग ‘वेंडेड’ हें निराळें रूप पतकरावें लागलें. आज सावकाश, वळणें घेत वाट चालणें एवढ्याच अर्थीं तें बहुधा ग्रंथांत भेटतें.

मराठींत तरी निराळें काय आहे? ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूपासून, तर ‘गेला’ ‘गम्’पासून, पण बोलतांना हा सांधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मुलाला एवढें सांगितलें, तर पाठांतराच्या ओझ्याऐवजीं त्याच्या हातीं एका शब्दाची गोष्ट पडेल.