नेम शहरावर



२७ जुलै १९४३ ची रात्र. जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर. उन्हाळा कोरडा, घरं तापलेली. सातशेहून अधिक ब्रिटिश विमानांनी हामरब्रूक, हाम अशा दाट कामगारवस्त्यांवर बॉम्ब टाकले, त्यांत आगलावे बॉम्ब पुष्कळ. आगी एकमेकींना मिळाल्या आणि त्या आगीनं चहूकडची हवा अशी ओढली की रस्त्यांवर वादळ सुटलं. लोक तळघरांत आसऱ्याला बसले होते. कितीतरी जणांना बॉम्ब लागलाच नाही. विषारी वायूनं आणि उष्णतेनं ते बसल्या जागी गेले. त्या दिवसांतल्या हल्ल्यांच्या मालिकेत शहरातली सुमारे ३७,००० माणसं मेली.

हे चुकून घडलं नव्हतं. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी स्वतःच हवाई छायाचित्रं तपासली. लक्ष्यावर बॉम्ब टाकून आलो, असं सांगणाऱ्या विमानांपैकी तिनांतलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलेलं होतं! रात्री कारखाना सापडत नव्हता, शहर मात्र सापडत होतं. मग फेब्रुवारी १९४२ मध्ये आदेश निघाला, की यापुढे रोख शत्रूच्या नागरिकांच्या, विशेषतः कामगारांच्या, मनोधैर्यावर. मला सगळ्यात अस्वस्थ करते ती ही पायरी. नेम लागेना म्हणून लक्ष्यच वाढवलं, आणि त्यात पाळण्यातलं मूलही आलं.

वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री आधी नाझींनी उद्ध्वस्त केली, हे खरं. त्यांना हरवणं भाग होतं, हेही खरं. पण गोदीकामगाराच्या बायकोचं मनोधैर्य खचलं, तरी ती युद्ध थांबवणार कशी? हिटलरच्या राज्यात तिला तोंड उघडायची सोय नव्हती.

ब्रिटनमध्ये हे बोलणारा माणूस निघाला, तोही ऐन युद्धात. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभे राहिले. हिटलरच्या छळातून निसटलेल्या निर्वासितांना त्यांनी वर्षानुवर्षं आधार दिला होता. कारखान्यांवरच्या, लष्करी ठाण्यांवरच्या हल्ल्यांना त्यांचा विरोध नव्हता. अख्खी शहरं जाळण्याला होता. आपण काय करतो आहोत याची सरकारला जाणीव आहे का, असं त्यांनी आपल्याच सरकारला विचारलं. सरकारनं धोरण बदललं नाही.

१५ फेब्रुवारीच्या रात्री आठशेहून अधिक विमानं बर्लिनकडे निघाली.