शोकाला बसायला जागा

लोणी देवकरहून पळसदेव काही फार लांब नाही. उन्हाळ्यात उजनीचे पाणी खूप उतरले, की तिथल्या पळसनाथाच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते. 2024 साली तर सारे देऊळच उघडे पडले होते. धरण 1980 साली पुरे झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. ते शिखर दिसले, की जुन्या माणसांना आपले गाव आठवते. स्मारक म्हणून ते कोणी बांधले नव्हते; लोकांनीच ते तसे मानले.

याच जलाशयात 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले. अशा वेळी सारा गाव काठावर धावतो. पण तेरावा उरकला, की ज्याचे त्याचे दुःख ज्याच्या त्याच्या घरात जाते. पुढल्या वर्षी त्या तारखेला सगळ्यांनी मिळून बसायचे कुठे?

स्मारक म्हटले, की आपल्याला कमान आणि कोनशिला सुचते. कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव ठळक आणि गेलेल्यांची नावे बारीक! आपले पूर्वज याहून शहाणे होते. देवळापुढची वीरगळ पाहा. खालच्या पट्टीत माणूस कसा पडला ते, मधल्या पट्टीत त्याचे स्वर्गारोहण आणि वरती शिवपूजा. वाचता न येणाऱ्यालाही ती कळे.

मग अशी जागा आपण करायची झाली तर कशी करावी? पहिली गोष्ट, धरणाचा काठ एका जागी राहत नाही. तेव्हा भरल्या पाण्याच्या रेषेच्या वर, जिथून पाणी दिसेल तिथे, पार बांधावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, दगड कलतो. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा. स्मरणाचा दिवस ऐन वैशाखात येतो, तेव्हा छपराआधी कडुलिंब लावावा. नावे मोठी, खोल कोरलेली आणि बसल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर असावीत. आईला नुसते वाचायचे नसते, हात फिरवायचा असतो. नावापुढे हुद्दा नको. कुंपण नको, कुलूप तर नकोच. चारजणांत रडू न येणाऱ्यासाठी एक ओटा जरा बाजूला असावा.

आणि एका दगडावर घडले ते सरळ लिहावे: वारा सुटला होता, बोट उलटली. खाली एवढेच, की वारा दिसला तर थांबा, लाइफ जॅकेट घातल्यावाचून बोटीत पाय ठेवू नका. गेलेल्याचे नाव जर उद्याच्या एखाद्याला काठावरच थांबवील, तर त्याहून मोठे श्राद्ध कोणते?

आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळला. 151 माणसे गेली. तिथे स्मृतिस्तंभ आहे, आणि दरवर्षी त्या तारखेला नातेवाईक त्याच्यापाशी जमतात. स्तंभाचे मोल दगडात नाही, त्या जमण्यात आहे.

म्हणून तुमच्या गावात असा विषय निघाला, तर आराखडा मागवण्याआधी ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना एकच विचारा: तुम्हाला इथे येऊन काय करावेसे वाटते? कोणी म्हणेल दिवा लावावा, कोणी म्हणेल नुसते बसावे. त्या उत्तरावरून जागा आखा. कमानीचे मग पाहता येईल.