शिकाऊ हात आणि सहीचा अधिकार
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांतील अनेक घरांत ‘आता पुढे काय?’ हा एकच प्रश्न उभा राहतो. शेती पावसावर आणि कापसाच्या भावावर अवलंबून आहे. पुलगाव-हिंगणघाटच्या कापडगिरण्यांनी एके काळी दिलेला रोजगार आता तसा उरलेला नाही. अशा वेळी शेजारच्या नागपुरातून विमानदुरुस्तीच्या कामाची वार्ता येते आणि मुलाला नवी वाट दिसू लागते. ती वाट खरी आहे. पण ती कोठे जाते आणि कोठे अडते, हे कार्यकर्त्याला ठाऊक हवे. मुलाचे आईबाप सल्ला विचारायला त्याच्याकडेच येतात.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात २०१५ साली एअर इंडियाचे विमानदुरुस्ती केंद्र सुरू झाले. विमानखरेदीच्या करारातील बांधिलकी म्हणून बोइंग कंपनीने ते बांधून दिले होते. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, तेव्हा दुरुस्तीची कंपनी त्या व्यवहारात नव्हती. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकजवळ ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून उभा आहे आणि तेथे शिकाऊ उमेदवार घेतले जातात. म्हणजे सार्वजनिक पैसा आणि शिवणगाव-खापरीसारख्या गावांच्या जमिनी या उद्योगाच्या पायाशी आहेत. त्यात आपल्या मुलांचे स्थान काय, हे विचारण्याचा जनतेला पूर्ण अधिकार आहे.

शाळा सोडलेल्या मुलापुढे दोन दारे असतात. पहिले दार दहावीनंतरचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी, वीजतंत्री किंवा यंत्र कारागीर हा दोन वर्षांचा व्यवसाय शिकायचा आणि मग कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवारी करायची. दुसरे दार बारावीनंतरचे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन उत्तीर्ण व्हायचे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रवेश घ्यायचा, परीक्षा व प्रत्यक्ष अनुभव पुरा करायचा आणि विमानदेखभाल अभियंत्याचा परवाना मिळवायचा. पहिल्या दारात विद्यावेतन मिळते. दुसऱ्या दारात खासगी संस्थेचे शुल्क काही लाखांच्या घरात जाते. कोणत्या घरातील मूल कोणत्या दाराने जाते, हे वेगळे सांगायला नको.

या दोन दारांतील अंतर विमानाखाली उभे राहिल्यावर कळते. विमानावरचे प्रत्येक काम पुस्तिकेतील क्रमानेच करावे लागते. बोल्ट किती बलाने आवळायचा याचा आकडा ठरलेला असतो आणि केलेल्या कामाची नोंद लागते. काम संपल्यावर अवजारे मोजली जातात. एक पाना हरवला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडता येत नाही. मोठी शिस्त आणि मोठे कौशल्य यात आहे. परंतु विमान उड्डाणास योग्य आहे असा दाखला परवानाधारकाच्या सहीनेच निघतो. शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेला जोडारी उत्तम काम करील, पण त्याच्या हाती सही नसते. पगाराची, मानाची आणि बढतीची रेषा त्या सहीपाशी आखलेली आहे.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या १८ व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी होय. म्हणून कामगार कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच सांगितले की, अशा उमेदवारांच्या भरतीविषयी प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले की, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट उमेदवारापेक्षा अग्रक्रम मिळावा. हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या वादाचा वर्ध्याशी जुना संबंध आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार, म्हणजे नई तालीम, देशापुढे आला. त्याच परिषदेत अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला की, मुलांच्या श्रमातून निघालेला माल व्यावसायिक कारागिराशी अन्याय्य स्पर्धा करील. पुढे झाकिर हुसेन समितीनेही बजावले की, आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका आहे. हाताने शिकणे श्रेष्ठ आहे. पण शिकण्याच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवणे हे शोषण आहे. जेथे दर वर्षी नवे शिकाऊ घेतले जातात आणि कायम जागा रिकाम्या राहतात, तेथे शिकाऊ मुलाचे भवितव्य आणि कायम कामगाराची जागा दोन्ही बुडतात.

याला पर्याय नाही असे कोणी म्हणू नये. जर्मनीत विमानयांत्रिकाची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. तिचा अभ्यासक्रम ठरवताना कामगार संघटनांचा सहभाग असतो आणि कारखान्यातील शिकाऊ आपले प्रतिनिधी निवडून देतात. तेथे शिकाऊ हा संघटनेच्या कक्षेबाहेरचा प्राणी मानला जात नाही.

मग येथे करायचे काय? पहिले काम सल्ल्याचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या मुलाला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि अभियांत्रिकीची पदविका परवान्याच्या पात्रतेस चालते. हा जोडरस्ता गावोगाव सांगा. पुस्तिका इंग्रजीत असतात, म्हणून तांत्रिक इंग्रजीचे वर्ग चालवा. उमेदवारीचा करार नोंदला गेला आहे ना, हे तपासायला मुलांना शिकवा. दुसरे काम मागणीचे. प्रत्येक आस्थापनेने आपले भरतीधोरण जाहीर करावे, शिकाऊंना अग्रक्रम द्यावा आणि गरीब मुलांच्या परवाना-शिक्षणाचा भार सरकारने उचलावा. तिसरे काम संघटनेचे. कायम कामगारांच्या संघटनांनी शिकाऊंचा प्रश्न आपल्या मागणीपत्रात घालावा.

पाना फिरवणाऱ्या हाताला सहीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला असेल, तरच उमेदवारीला शिक्षण म्हणता येईल. तो मार्ग खुला करणे हे पक्षाचे काम आहे, आणि पुढच्या निकालाची वाट न पाहता ते हाती घेतले पाहिजे.