लस डुकरिणीला, राखण पिलांची

मंडळी, व्याख्यानाला डुकराचा विषय म्हटल्यावर काहींनी नाक मुरडलं असेल. मुरडा! आपला नगर जिल्हा दुधाचा, संगमनेरी शेळीचा, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा; वराहपालन करणारे इथे थोडेच. पण आजचा मुद्दा गायवाल्यांनाही सोडणार नाही.

डुकरीण एका वेताला आठ-दहा पिलं देते. एकेक पिलू जेमतेम सव्वा किलोचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीखाली ओलं दिसतं, पिवळट, पाण्यासारखी हगवण लागते आणि पिलू बघता बघता सुकतं. पुष्कळदा कारण असतं ई. कोलाय हा जंतू. तो आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतो आणि अंगातलं पाणी आतड्यात उतरतं.

मग लस पिलालाच का टोचू नये? कारण लस अंगी लागायला आठवडे जातात आणि पिलाजवळ तेवढे दिवस नसतात. म्हणून टोचायचं गाभण डुकरिणीला. पण इथे एक मेख आहे. आधी माणसांचं बघा. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं, गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. गरोदर बायकांची धनुर्वाताची लस हा त्या कामाचा भाग होता. त्या लशीचं संरक्षण वारेतून बाळाला पोटातच मिळतं. डुकरिणीची वार मात्र ते अडवते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सगळ्यांचं तसंच. त्यांच्या पिलांना जे मिळायचं ते चिकातून. आईच्या दुधातून असं संरक्षण मिळतं, हे पॉल एर्लिख यांनी १८९२ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं: लस न दिलेल्या मादीची पिलं त्यांनी लस दिलेल्या मादीच्या अंगावर पाजली.

आणि चिकाला थांबायला वेळ नसतो. दिवस उलटला की पिलाचं आतडं चिकातली संरक्षक द्रव्यं रक्तात घेणं जवळपास बंद करतं. आपण मात्र पहिल्या धारेचा चीक खरवसासाठी शेजारी धाडतो! खरवस मलाही आवडतो, पण वासराचं पोट भरल्यावर.

डुकरिणीपाशी दांडगी पिलं पुढचे सड बळकावतात. शेवटी जन्मलेलं बारकं मागे ढकललं जातं. पोट भरलेली पिलं तासभर उबदार टोपलीत ठेवा आणि तेवढ्यात बारक्यांना सडाला लावा. हा तास चुकला तर त्या बारक्यापुरती टोचलेली लस वाया.

गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा. भरवल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. पहिलटकरणीला दोन डोस, साधारण ८०व्या आणि १००व्या दिवशी. पुढच्या वेताला बहुधा एक पुरतो. लशीगणिक वेळापत्रक बदलतं, तेव्हा पशुवैद्यकाला विचारूनच घ्या. आणि हगवण दुसऱ्या आठवड्यात लागली, तर लशीला बोल लावू नका. ती बहुधा कॉक्सिडिया या परजीवीची असते आणि तिच्यावर ही लस चालत नाही. तिथे औषध वेगळं आणि जमीन कोरडी हवी.