ब्रोकन हिलचे पस्तीस तास

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरापासून मोटारीने पाचशेहून अधिक किलोमीटर गेले की ब्रोकन हिल हे खाणगाव लागते. भाच्याच्या गाडीतून एका शनिवार-रविवारी तेथे जाऊन येण्याचा योग आला. वाटेत लाल माती, खुरटी झुडपे आणि कडेला मरून पडलेली कांगारू. बराच वेळ माणूस दृष्टीस पडत नाही. गावात शिरल्यावर रस्त्यांची नावे वाचून मौज वाटली : ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, आयोडाइड!

1883 साली कुंपणाची देखरेख करणाऱ्या चार्ल्स रास्पने कथिलाचे खनिज समजून येथील दगड गोळा केले. निघाले शिसे आणि चांदी. 1885 मध्ये कंपनी स्थापन झाली. तीच आजची बीएचपी. 1939 मध्ये तिने येथून पाय काढला. गावाचे नाव तेवढे सोबत नेले.

गावाच्या मधोमध टाकाऊ मालाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक कामगारांचे स्मारक आहे, आणि प्रत्येक नावापुढे मृत्यूचे कारण कोरले आहे. तेथे आम्ही तासभर होतो. फार बोललो नाही.

या गावाने 1892 चा संप गमावला. पुढारी तुरुंगात गेले. 1909 मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. मग मे 1919 ते नोव्हेंबर 1920 असा अठरा महिन्यांचा संप झाला. धुळीने व शिशाने फुप्फुसे खंगल्याचे डॉक्टरी तपासणीत सिद्ध झाले. भूमिगत कामगारांना 35 तासांचा आठवडा मिळाला, रात्रपाळी बंद झाली, रोगग्रस्तांना भरपाई मिळाली. आपल्याकडे कायद्याचा आठवडा शंभर वर्षांनंतरही 48 तासांचाच आहे. कामगार संघटनांचे स्वतःचे दैनिकही या गावात 1908 पासून निघत होते. हे ऐकून आपल्या छातीत अभिमान दाटतो, आणि तो दाटावाही.

तथापि दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक केली असे होईल. याच संघटनांच्या परिषदेने, काही अपवाद वगळता, विवाहित स्त्रियांना गावात नोकरी करू दिली नाही. ही बंदी 1981 पर्यंत टिकली, आणि ती मोडण्यासाठी एका दवाखान्यातील नोकरदार स्त्रीला आपल्याच संघटनेविरुद्ध दाद मागावी लागली! गावाच्या उत्तरेस उंटवाल्यांची पत्र्याची मशीद आहे. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब येथून आलेल्या या माणसांनी रेल्वे पोचण्यापूर्वी वाळवंटातून माल वाहिला. पण गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण तेथील मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात 1965 पर्यंत होते. ज्या विल्याकाली लोकांची ती भूमी, त्यांचा तर हिशेबच कोणी धरला नव्हता.

म्हणजे लढणारे भ्याड नव्हते, आणि दुष्टही नव्हते. आपल्या पगाराचे रक्षण करताना त्यांनी दारे लावून घेतली, इतकेच. परतताना भाच्याने विचारले, "मामा, तुमच्या युनियनमध्ये कंत्राटी सफाई कामगार सभासद आहेत का?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

पुढील महिन्याच्या कार्यकारिणीत हा प्रश्न मी ठरावाच्या रूपाने मांडणार आहे. ठराव पडेल असे काही साथी म्हणतात. तुमच्यापैकी कोण हात वर करणार, ते आजच मला कळवा.