सुप्त विषाणु आणि नवें रक्त

कमरेवर किंवा छातीच्या एका बाजूस पुरळाचा पट्टा उठला आणि त्याची आग होऊं लागली, कीं घरांतील वडील माणसें म्हणतात, "नागीण उठली." तिचें तोंड शेपटीस मिळून वेढा पुरा झाला, तर माणूस जगत नाहीं, अशी समजूतही महाराष्ट्रांत रूढ आहे. ही समजूत खोटी आहे. पण नागीण हें नांव मोठें मार्मिक आहे. बालपणीं ज्याला कांजिण्या येऊन गेल्या, त्याच्या शरीरांतून तो विषाणु कधींच निघून जात नाहीं. पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतूंच्या गाठींत तो बिळांतील सापासारखा पडून राहतो. आणि प्रतिकारशक्ति क्षीण झाली, कीं चाळीस-पन्नास वर्षांनींही डोकें वर काढतो.

हा एकटाच असा नाहीं. तापांत ओठांवर फोड आणणारा हर्पीस, तसेच सायटोमेगॅलो आणि एप्स्टीन-बार हे याच कुळांतील भाऊबंद. भारतांतील बहुतेक प्रौढांच्या शरीरांत सायटोमेगॅलो विषाणु असतो, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. कारण रक्तांतील टी-पेशी त्याच्यावर अहोरात्र पहारा ठेवतात. हा पहाराच एके दिवशीं उठवावा लागला तर काय होईल?

रक्ताचा कर्करोग, थॅलसीमिया अशा व्याधींत तो मुद्दाम उठवावा लागतो. तीव्र औषधांनीं, कधीं किरणांनींही, रोग्याची अस्थिमज्जा नष्ट करितात आणि दात्याच्या मूळपेशी शिरेंतून सोडतात. त्या आपण होऊन हाडांच्या पोकळींत जाऊन रुजतात. अमेरिकेंतील डॉ. डोनल थॉमस यांनीं असे पहिले प्रयत्न १९५७ सालीं प्रसिद्ध केले. १९९० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मुंबईच्या टाटा रुग्णालयांत हा उपचार १९८३ सालीं झाला.

रोपणानंतर सुमारें दोन ते चार आठवड्यांत पांढऱ्या पेशींचा आंकडा वर येऊं लागतो. घरांतील मंडळी तो कागद पाहून सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमकी येथेंच फसगत होण्याचा संभव असतो. वर्गांत बाकें भरलीं म्हणजे मुलांचे धडे तयार झाले असें होत नाहीं. प्रथम येतात त्या पेशी जंतूंशीं सरधोपट झुंजणाऱ्या. विशिष्ट विषाणु ओळखून त्याचा बंदोबस्त करणाऱ्या टी-पेशींना उरोस्थीमागील थायमस ग्रंथींत शिक्षण घ्यावें लागतें. वयाबरोबर ही शाळा आकसत जाते, म्हणून प्रौढांत नव्या टी-पेशी पुरेशा तयार होण्यास एक-दोन वर्षें लागतात. त्यांतच दात्याच्या पेशींनीं रोग्याच्या अवयवांवर हल्ला करूं नये म्हणून प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें चालू असतात. म्हणजे जें औषध एका संकटापासून वांचवितें, तेंच दुसऱ्यास दार उघडून देतें.

या संधींत सुप्त विषाणु एकामागून एक जागे होतात. पहिल्या महिन्यांत तोंडांत हर्पीसचे व्रण येतात. नंतर शंभराव्या दिवसापर्यंत सायटोमेगॅलोची भीति मोठी. पुढें अनेक महिने नागिणीची. सायटोमेगॅलो फुप्फुसांत उतरला, म्हणजे पूर्वीं बहुतेक रोगी दगावत. कर्करोग हटला, रोपण रुजलें, आणि रोगी न्युमोनियानें गेला, असें विदारक दृश्य त्या काळच्या डॉक्टरांना वारंवार पाहावें लागे.

१९८१ सालीं असायक्लोव्हिर या औषधानें रोपणानंतरचा हर्पीस टाळतां येतो असें दिसून आलें. सायटोमेगॅलोपुढें मात्र तें दुबळें ठरे. १९९१ सालीं सिॲटल येथील डॉक्टरांनीं निराळी वाट धरली. आजार दिसण्याची वाट न पाहतां, तपासणींत विषाणु सांपडतांच त्यांनीं गॅन्सिक्लोव्हिर सुरू केलें. औषध घेणाऱ्या ३७ रोग्यांपैकीं केवळ १ आजारी पडला. न घेणाऱ्या ३५ पैकीं १५. परंतु हें औषध नव्या मज्जेलाही मारक. सरसकट दिलें तर पांढऱ्या पेशी पुन्हां घटतात. म्हणून दर आठवड्यास रक्त तपासावें आणि विषाणु वाढूं लागतांच उपचार करावा, अशी रीत पडली. २०१७ सालीं लेटरमोव्हिर हें मज्जेस अपाय न करणारें प्रतिबंधक औषध मिळालें. तें हर्पीस व नागीण यांवर चालत नाहीं. त्यांसाठीं असायक्लोव्हिर निराळें घ्यावेंच लागतें.

तथापि औषध हा भाडोत्री पहारेकरी. खरा पहारा पेशींचाच. सिॲटलच्याच शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं, दात्याच्या रक्तांतून सायटोमेगॅलो ओळखणाऱ्या टी-पेशी निवडून, प्रयोगशाळेंत वाढवून १४ रोग्यांना दिल्या. एकालाही त्या विषाणूचा आजार झाला नाहीं. मात्र ज्यांच्या शरीरांत स्वतःच्या साहाय्यक टी-पेशी तयार झाल्या नव्हत्या, त्यांच्यांत या उसन्या पेशींचा जोर पुढें ओसरला. उसनें बळ किती काळ पुरणार?

म्हणून रोगी हिंडूंफिरूं लागला, तरी घरच्यांनीं सावधपण सोडूं नये. "आतां बरें आहे, तपासणी कशाला?" असें म्हणून आठवड्याची तपासणी चुकवूं नये; गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. ताप, धाप किंवा जुलाब सुरू झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. नागीण उठल्यास लेप व मंत्र यांत वेळ दवडूं नये. अशा रोग्यास ती खरोखरच घातक होऊं शकते. बालपणीं टोंचलेल्या लशींची स्मृतिही बरीचशी पुसली गेलेली असते. म्हणून सहा महिने ते वर्षभरानंतर त्या पुन्हां नव्यानें घ्याव्या लागतात. गोंवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लशी मात्र निदान दोन वर्षें, आणि तीं दाबणारीं औषधें सुटेपर्यंत, वर्ज्य.

दाता रक्त देऊं शकतो. ओळखीचे धडे त्या रक्तास रोग्याच्या देहांत पुन्हां गिरवावे लागतात. ते पुरे होईपर्यंत घरानें पहारेकरी व्हावें, हेंच रोपणाचें उरलेलें अर्धें काम होय.