पहाऱ्यावर ठेवलेला कर्करोग



कर्करोग हा शब्द कानी पडला की घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, 'ऑपरेशन केव्हा?' प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु प्रोस्टेट ग्रंथीत अगदी प्रारंभी सापडलेल्या सौम्य कर्करोगाविषयी आम्हां डॉक्टरांना पुष्कळदा 'घाई करू नका' असेच सांगावे लागते. ते ऐकून हायसे वाटण्याऐवजी रुग्णाचा आमच्यावरचा विश्वासच डळमळतो. हा सल्ला कशाच्या आधारावर देतात, ते आज सांगावयाचे आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात ती वाढते व लघवीला त्रास होतो; ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोगाचा संशय रक्तातील 'पीएसए' या द्रव्यावरून येतो, एमआरआयने बळावतो, आणि ग्रंथीचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पक्का होतो. तेथे पेशींची ठेवण पाहून 'ग्लीसन' अंक देतात. ६ हा अंक सौम्य रोगाचा. ८ ते १० उग्र रोगाचे. उग्र रोगाला आजचा सल्ला लागू नाही, हे कृपा करून ध्यानात ठेवावे.

सौम्य रोग वर्षानुवर्षे संथपणे वाढतो. 'तरी काढून टाकला तर बिघडले काय?' असे कोणी विचारील. या ग्रंथीला लागूनच लघवी रोखणारा स्नायू आहे आणि पुरुषाच्या कामशक्तीच्या नसाही तेथूनच जातात. शस्त्रक्रियेत त्यांना इजा पोहोचू शकते, आणि किरणोपचाराचेही परिणाम आसपासच्या भागाला भोगावे लागतात.

ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाचा मोठा प्रयोग झाला. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वर्षांच्या पुरुषांची पीएसए तपासणी झाली. ग्रंथीपुरताच रोग असलेल्या १६४३ जणांना, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत वाटले. २०२३ साली पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. या रोगाने दगावलेले देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ आणि किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के होते. हा फरक निर्णायक मानण्याजोगा नव्हता. उलट, सहा वर्षांनंतर लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे शस्त्रक्रियेच्या गटात १७ टक्के, तर देखरेखीच्या गटात ८ टक्के होते.

पण नाण्याची दुसरी बाजू लपविणे बरे नव्हे. रोग शरीरात इतरत्र पसरला असे लोक देखरेखीच्या गटात ९.४ टक्के होते. इतर दोन्ही गटांत सुमारे ५ टक्के. शिवाय देखरेखीतील सुमारे ६१ टक्के लोकांना पंधरा वर्षांत केव्हातरी शस्त्रक्रिया वा किरणोपचार घ्यावेच लागले. त्या प्रयोगातील देखरेख मुख्यतः पीएसएवर होती; आज एमआरआय व फेरतुकड्यांची जोड देऊन ती अधिक कडक करतात.

येथे दोन मार्गांची गल्लत होते. अतिवृद्ध किंवा हृदयविकारासारख्या अन्य दुखण्यांनी खचलेल्या रुग्णाला त्रास सुरू झाला तरच औषध द्यावयाचे, हा एक मार्ग. सावध पाळत हा दुसरा. तीत पीएसए ठराविक महिन्यांनी, एमआरआय व फेरतुकडे ठरल्या काळाने तपासावयाचे, आणि रोगाने डोके वर काढताच, तो बरा होण्याजोगा असतानाच उपचार करावयाचे. पहिल्यात हेतू सुखाचा, दुसऱ्यात रोग बरा करण्याचा. फक्त उपचाराची वेळ पुढे ढकललेली.

म्हणून पाळत म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. दुखत नाही म्हणून तारखा चुकविणारा आणि जुने कागद हरविणारा रुग्ण पाळतीवर नसतो, नशिबावर असतो. तालुक्याच्या गावाहून दर वेळी शहर गाठणे ज्याला जमणार नाही, किंवा 'आत कर्करोग आहे' या विचाराने ज्याची झोप उडते, त्याने तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्याच्यासाठी उपचारच योग्य ठरू शकतील.

निदान झाल्यावर चार प्रश्न अवश्य विचारा. ग्लीसन अंक किती? रोग ग्रंथीबाहेर गेला आहे काय? पाळत ठेवल्यास पुढची तपासणी केव्हा? आणि कोणती खूण दिसली की उपचार सुरू करावयाचे? सौम्य रोगात हे विचारण्यास, घरी बोलण्यास आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास काही आठवड्यांचा अवधी बहुधा असतो. तो अवधी भीतीपायी दवडू नये, एवढीच आमची विनंती आहे.